पेटीतला समुद्र आणि गच्चीवरचा गंज

मे महिना उतरणीला लागला की किनारी गोव्यात गंज खरवडण्याचा आवाज सुरू होतो. पाण्याच्या टाकीखालचा सांगाडा, जिन्याचा कठडा, फाटकाची बिजागरी, गच्चीवरच्या छपराचे खांब. तारेच्या ब्रशने घासायचे, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, वर रंग चढवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या खर्चाची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की तो कोणी हिशेबातही धरत नाही. खारी हवा म्हटली की गंज आलाच, असे म्हणून आपण मोकळे होतो.

मात्र गेल्या काही वर्षांत याच गच्चीवर एक नवी वस्तू येऊ लागली आहे आणि तिच्या बाबतीत इतक्या सहजपणे मोकळे होणे परवडणारे नाही. छपरावरील सौरऊर्जेसाठीची 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरांवर सौर वीजसंच बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान मिळते. उरलेली रक्कम घरमालक स्वतःच्या बचतीतून किंवा बँकेच्या कर्जातून उभी करतो. ही सारी गुंतवणूक फायद्याची ठरते ती एकाच गृहीतकावर, ते म्हणजे संच वीस-पंचवीस वर्षे टिकेल.

या टिकाऊपणाचा पुरावा म्हणून ग्राहकाच्या हाती कागद पडतो. सांगाड्यासाठी '५०० तास सॉल्ट स्प्रे चाचणी उत्तीर्ण', पॅनेलसाठी '१००० तास डॅम्प हीट चाचणी उत्तीर्ण' अशा ओळी त्यावर असतात. निविदांच्या तांत्रिक अटींतही अशा तासांची अट घातलेली आढळते. कागद खोटा असतो असे नाही. चाचणी खरोखरच झालेली असते. पण ५०० तास म्हणजे जेमतेम २१ दिवस. या २१ दिवसांतून पंचवीस वर्षांचा अंदाज निघतो, असे आपण गृहीत धरतो. चाचणी स्वतः तसा दावा कधीच करत नाही. तिने न दिलेले आश्वासन आपण तिच्या तोंडी घालतो आणि गोव्यासारख्या राज्यात त्याची किंमत इतरांपेक्षा अधिक मोजतो.

पेटीत काय घडते?

कृत्रिम वातावरणात वस्तूचा टिकाऊपणा तपासण्याच्या पद्धती अनेक आहेत. उष्णता, थंडी, आर्द्रता, अतिनील किरण, धूळ, हादरे अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र पेटी असते आणि स्वतंत्र मानक असते. धातू आणि त्यांवरील लेपांसाठी सर्वाधिक प्रचलित असलेली चाचणी म्हणजे सॉल्ट स्प्रे, अर्थात क्षारतुषार चाचणी. अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेने ती 'बी ११७' या क्रमांकाने १९३९ मध्ये प्रमाणित केली. आयएसओ ९२२७ हे आंतरराष्ट्रीय मानकही त्याच धर्तीचे आहे.

चाचणीची रचना साधी आहे. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. पाच टक्के मिठाचे द्रावण दाबाखालील हवेने फवारून त्याचे दाट धुके तयार करतात. नमुने तिरके उभे केलेले असतात. हे धुके ठरलेल्या तासांपर्यंत, दिवसरात्र, अखंड त्यांच्यावर उतरत राहते. मुदत संपली की नमुने बाहेर काढून तांबडा गंज कुठे दिसतो, पांढरी पूड कुठे जमली, मुद्दाम पाडलेल्या ओरखड्यापासून रंगाखाली गंज किती सरकला, हे पाहिले जाते.

कारखान्यासाठी ही चाचणी मोलाची आहे. पावडर कोटिंग करणाऱ्याचा माल एरवी ५०० तास टिकत असेल आणि एखाद्या आठवड्यातला माल ३०० तासांतच गंजला, तर रंगापूर्वीच्या धुण्यात किंवा भट्टीत काहीतरी बिघडले आहे हे त्याला लगेच कळते. एकाच प्रकारच्या दोन मालांची तुलना करण्यासाठी, उत्पादनातील चूक पकडण्यासाठी तिचा जन्म झाला. त्यापलीकडे तिच्याकडून काय अपेक्षू नये, हेही मानकातच नमूद आहे. केवळ या चाचणीच्या निकालावरून नैसर्गिक वातावरणातील आयुष्याचे भाकीत करता येईल असा परस्परसंबंध क्वचितच आढळतो, या आशयाचा इशारा मूळ मानकाने दिलेला आहे. प्रमाणपत्राच्या एका ओळीत तो इशारा मावत नाही, इतकेच.

जस्ताची गोष्ट

हा इशारा किती खरा आहे, हे जस्ताच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. लोखंडावर जस्ताचा थर चढवला की ते टिकते, हे आपल्याला ठाऊक आहे. जीआय पाइप हा शब्द घराघरांत रुळलेला आहे. पण जस्त टिकते कसे? उघड्या हवेत ते आधी भिजते, मग वाळते. वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर जस्ताच्या कार्बोनेटचा घट्ट, सहजी न विरघळणारा पापुद्रा तयार होतो आणि तो खालच्या जस्ताची झीज मंदावतो. म्हणजे जस्ताचे संरक्षण वाळण्यावर अवलंबून आहे.

क्षारतुषाराच्या पेटीत वाळणे नावाचा प्रकारच नसतो. अखंड ओलाव्यात पापुद्रा धरत नाही आणि जस्त भराभर झिजत जाते. परिणामी बाहेर वर्षानुवर्षे उत्तम टिकणारे गॅल्वनाइज्ड लोखंड पेटीत काही शे तासांतच नापास झाल्यासारखे दिसते. उलट, ज्या रंगाचा खरा शत्रू ऊन आहे, असा रंग पेटीत दिमाखात उत्तीर्ण होतो. कारण पेटीत सूर्य नसतो. दोन वेगळ्या प्रकारच्या लेपांची तुलना केवळ तासांवरून करणारी निविदा, म्हणूनच, चांगल्याला वगळून सुमाराला निवडण्याचा धोका पत्करते.

घाईचाही एक प्रश्न आहे. बहुतेक वेगवर्धित चाचण्या तापमान वाढवून काळ आक्रसतात. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा त्यामागचा ढोबळ ठोकताळा. पण ठोकताळ्याला मर्यादा असते. कोंबडी २१ दिवसांत अंडे उबवते; उष्णता दुप्पट केली म्हणून पिल्लू दहा दिवसांत बाहेर येत नाही, अंडे उकडते. तापमान एका मर्यादेबाहेर गेले की प्लास्टिक, गोंद, रबर यांच्यात असे बदल घडतात, जे गच्चीवर कधीच घडले नसते. आणि जे घडायला हवे होते, ते राहून जातात.

गोव्याची हवा पेटीसारखी नाही

आता आपल्या हवेकडे पाहू. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. उरलेले आठ महिने ऊन, रात्रीचे दव आणि समुद्रावरून येणारे मीठ. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण स्वतःच ओलावा शोषून पाणावतो. त्यामुळे पाऊस नसतानाही धातूवर रात्रभर खारट पाण्याचा पातळ थर राहतो आणि सकाळच्या उन्हात तो वाळतो. पुन्हा रात्री ओला. प्रत्येक वाळण्याबरोबर मीठ अधिक तीव्र होत जाते.

यातून एक विरोधाभास जन्माला येतो. पाऊस हा गंजाचा मित्र मानला जातो, पण मुसळधार पाऊस उघड्या पृष्ठभागावरचे मीठ धुऊनही नेतो. जिथे पाऊस पोहोचत नाही पण खारी हवा पोहोचते, तिथे मीठ साचत राहते. वळचणीखालचा पत्रा, टाकीखालच्या सांगाड्याची आतली बाजू, सौर पॅनेलच्या पाठीमागचे खांब आणि आडव्या पट्ट्या. वरून नवीकोरी दिसणारी चौकट खालून सालपटे सोडू लागते ती याच कारणाने. जिथे नजर सहसा जात नाही, नेमके तिथेच नुकसान अधिक होते.

भिजणे आणि वाळणे, मीठ आणि ऊन यांचा हा खेळ पेटीत उतरवणाऱ्या चाचण्या नाहीत असे नाही. वाहन उद्योगाने क्षारतुषार, दमट हवा आणि वाळवण यांची आळीपाळीने आवर्तने घडवणाऱ्या चक्रीय चाचण्या विकसित केल्या. समुद्रातील तेलमंचांच्या रंगासाठी आयएसओ १२९४४ मानकाच्या नवव्या भागात जी चाचणी आहे, तिच्या एका आठवड्यात तीन दिवस अतिनील किरण व दमटपणा, तीन दिवस क्षारतुषार आणि एक दिवस गोठवण असा क्रम असतो. आणि अशी २५ आवर्तने, म्हणजे ४२०० तास, पार करावी लागतात. गोठवण आपल्या उपयोगाची नाही, पण आवर्तनाचे तत्त्व आपल्या हवेला साध्या क्षारतुषारापेक्षा कितीतरी जवळचे आहे. साहजिकच अशी चाचणी महाग असते आणि वेळखाऊही. म्हणून ती मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

हिशेब मायक्रॉनचा

तासांऐवजी विचारण्याजोगा आकडा दुसराच आहे, लेपाच्या जाडीचा. तो समजून घ्यायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. साधा भागाकार पुरतो.

आयएसओ ९२२३ हे मानक हवेची तिच्या गंजकारकतेनुसार वर्गवारी करते. सी-१ ही सर्वांत सौम्य, सी-५ अतिशय कठोर आणि २०१२ मध्ये तिच्याही वर सीएक्स ही टोकाची श्रेणी जोडण्यात आली. सी-३ हवेत जस्त पहिल्या वर्षी ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते. सी-५ मध्ये हाच आकडा ४.२ ते ८.४ होतो. सीएक्समध्ये तो २५ मायक्रॉनपर्यंत जातो. समुद्रापासून दूर, प्रदूषण कमी असलेला प्रदेश साधारणपणे खालच्या श्रेणींत पडतो. भरपूर मीठ घेऊन येणारी किनाऱ्याची हवा वरच्या श्रेणींत चढते. लाटांच्या तुषारांच्या टप्प्यातले घर आणि घाटाच्या पायथ्याचे घर एकाच राज्यात असले तरी एकाच हवेत नसतात.

आता जाडी पाहू. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून बनवलेल्या पाइपवर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूला त्याचा थर जेमतेम साडेआठ मायक्रॉन भरतो. २७५ ग्रॅमचा पत्रा घेतला तर सुमारे १९ मायक्रॉन. वस्तू तयार करून नंतर वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवली, म्हणजे हॉट डिप गॅल्वनाइझिंग केले, तर दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी ५५ मायक्रॉनचा थर अपेक्षित असतो आणि जाड लोखंडावर त्याहून अधिक.

भागाकार करा. सी-३ हवेत १९ मायक्रॉनचा थर ९ ते २७ वर्षे पुरेल. सी-५ हवेत तोच थर सव्वादोन ते साडेचार वर्षांत संपेल. साडेआठ मायक्रॉनवाला पाइप तर एक-दोन पावसाळ्यांचा पाहुणा. पहिल्या वर्षानंतर झीज पुष्कळदा काहीशी मंदावते, त्यामुळे हे आकडे ढोबळ मानावेत. पण त्यांतील तफावत ढोबळ नाही. घाटापलीकडच्या कोरड्या गावात दहा वर्षे निर्धास्त उभा राहिलेला सांगाडा मोरजीच्या किनाऱ्यावर तिसऱ्या वर्षी का हात टेकतो, याचे उत्तर या भागाकारात आहे. दोन्हीकडच्या सांगाड्यांचे प्रमाणपत्र मात्र एकच असू शकते. सी-५ हवेत ५५ मायक्रॉनही साडेसहा ते तेरा वर्षेच पुरतात, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणजे अगदी किनाऱ्यालगत पंचवीस वर्षांची अपेक्षा असेल, तर जस्तावर योग्य रंगाचा दुसरा लेप, किंवा योग्य प्रतीचे ॲल्युमिनियम, असा वेगळा विचार सुरुवातीलाच करावा लागतो.

शिवाय चाचणी होते ती कारखान्यातल्या अखंड नमुन्याची. गच्चीवर मात्र पाइप कापला जातो, त्याला भोके पाडली जातात, वेल्डिंग केले जाते. प्रत्येक काप आणि प्रत्येक जोड म्हणजे जस्त जळून किंवा सोलून गेलेली उघडी जागा. त्यावर चंदेरी रंगाचा एक फराटा मारला की काम संपले. ॲल्युमिनियमच्या चौकटीला लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट थेट भिडवला, तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि त्यांतला एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. स्टेनलेस स्टीलही सारखे नसते. ३०४ प्रतीच्या स्टीलवर किनाऱ्यालगत तपकिरी डाग उमटू लागतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला अधिक दाद देत नाही. यांपैकी कशाचीच नोंद त्या एका ओळीच्या प्रमाणपत्रात नसते.

एकेका परीक्षेत पास, एकत्र नापास

सौर पॅनेलच्या चाचण्या तुलनेने कितीतरी कसून घेतल्या जातात. आयईसी ६१२१५ या मानकानुसार पॅनेल ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवले जाते. उणे ४० ते अधिक ८५ अंशांच्या २०० तापचक्रांतून जाते. बर्फाच्या गोळ्यांचा मारा सोसते. खाऱ्या हवेसाठी आयईसी ६१७०१ हे वेगळे मानक आहे. या चाचण्यांमुळे पॅनेलच्या सुरुवातीच्या काळातील बिघाड खूपच आटोक्यात आले, हे मान्य करायला हवे. कोणत्याही उद्योगाला नवी वस्तू बाजारात आणण्यापूर्वी पंचवीस वर्षे वाट पाहता येणार नाही. वेगवर्धित चाचणीला पर्याय नाही.

तरीही या क्षेत्राला एक धडा महागात शिकावा लागला. २०१० नंतरच्या काही वर्षांत जगात ठिकठिकाणी बसवलेल्या पॅनेलांत पाठीमागचा संरक्षक पडदा पॉलिअमाइड या प्लास्टिकचा होता. हे पॅनेल प्रमाणित होते, ठरलेल्या सगळ्या चाचण्या पार केलेले. पण काही वर्षांतच त्या पडद्याला तडे जाऊ लागले, ओलावा आत शिरला आणि विजेच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. तपासात दिसून आले ते असे, की ऊन, उष्णता, ओलावा आणि तापमानाचे चढउतार यांचा एकेकटा मारा त्या पडद्याने सोसला होता. प्रत्यक्षात हे सारे एकाच वेळी, एकमेकांना बळ देत येतात आणि तो एकत्रित मारा त्याला सोसवला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने त्यानंतर सर्व ताण एकाच पेटीत एकत्र देणारी चाचणीपद्धत विकसित केली, तेव्हा हे तडे प्रयोगशाळेतही दिसू लागले.

निसर्ग विषयवार परीक्षा घेत नाही. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तापलेल्या गच्चीवर पहिला पाऊस कोसळतो, तेव्हा गोव्यात हे सगळे पेपर एकाच दिवशी असतात.

मांडवी आणि मालवण

गंजाचा हा हिशेब चुकला तर काय होते, हे गोव्याला कोणी शिकवायची गरज नाही. १९७० मध्ये वाहतुकीला खुला झालेला पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात कोसळला. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांचे गंजणे हे त्या दुर्घटनेच्या कारणमीमांसेत ठळकपणे पुढे आले. दिसायला पूल धडधाकट होता. दुखणे आत होते. उत्तर गोवा पुन्हा फेरीबोटींवर विसंबला. पुढे जुन्या झुआरी पुलावरही गंजलेल्या तारांपायी अवजड वाहनांना बंदी घालण्याची पाळी आली.

सीमेपलीकडची घटना तर कालपरवाची आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. पुतळ्यातील नटबोल्ट पाऊस आणि खाऱ्या वाऱ्यामुळे गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याच्या सहाच दिवस आधी, २० ऑगस्टच्या पत्रात कळवले होते. गंज हे या पडझडीचे एकमेव कारण नव्हते. सांगाड्याची दुर्बलता आणि वेल्डिंगमधील दोषही पुढे आले. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मात्र स्टेनलेस स्टील वापरले असते तर पुतळा पडला नसता, असे जाहीरपणे सांगितले आणि समुद्राजवळच्या बांधकामांसाठी त्याचाच आग्रह धरला. मराठी मनाला झालेली ती जखम राजकारणाच्या धुरळ्यात झाकली गेली. पण त्या एका पत्रातला नटबोल्टचा उल्लेख विसरण्याजोगा नाही. भव्य रचनेचे आयुष्य तिच्या सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त आणि बहुधा कोणीच न तपासलेल्या भागाइतकेच असते.

मागायचे काय?

काँक्रीटच्या बाबतीत आपले नियम या दृष्टीने शहाणे आहेत. आयएस ४५६ हे भारतीय मानक बांधकाम कुठे उभे राहणार, हा प्रश्न आधी विचारते. किनारी हवा असेल तर परिस्थिती 'तीव्र' मानली जाते आणि सळीवरचे काँक्रीटचे आवरण किमान ४५ मिलिमीटर हवे. समुद्राच्या पाण्याचे तुषार पोहोचत असतील तर 'अतितीव्र' आणि आवरण ५० मिलिमीटर. जागेनुसार अट. हेच तत्त्व लोखंडी सांगाडे, विजेचे खांब, पथदीप, बसथांबे, सौरसंचाच्या चौकटी यांना लावले तर निविदेतील भाषा बदलेल. 'इतके तास उत्तीर्ण' या अटीच्या जागी 'या जागेच्या हवेची श्रेणी ही, अपेक्षित आयुष्य इतकी वर्षे, म्हणून लेपाची किमान जाडी इतके मायक्रॉन, आणि जाडी बसवल्यावर जागेवरच मोजली जाईल' अशी अट येईल. जाडी मोजणारे उपकरण तळहाताएवढे असते आणि मोजणीला काही क्षण लागतात.

त्यासाठी आधी आपली हवा मोजावी लागेल. त्याचीही पद्धत ठरलेली आहे. आयएसओ ९२२६ नुसार पोलाद, जस्त, तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या छोट्या पट्ट्या वजन करून उघड्यावर एक वर्ष ठेवायच्या, नंतर गंज काढून पुन्हा वजन करायचे. घटलेल्या वजनावरून त्या जागेची श्रेणी ठरते. कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्थेने देशाचा गंज-नकाशा अशाच उघड्यावरच्या निरीक्षणांतून घडवला. पण देशाच्या नकाशात गोवा हा एक ठिपका असतो. आपल्याला हवा आहे तो मिरामार, वास्को, म्हापसा, फोंडा, सांगे आणि काणकोण यांच्यातला फरक दाखवणारा राज्याचा नकाशा. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये, वास्कोतील जहाजबांधणीचा अनुभव, हे सारे इतक्या लहान प्रदेशात हाताशी असलेले राज्य दुसरे कोणते? पट्ट्या, स्टँड, एक तराजू आणि वर्षभराचा धीर, एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहू शकते. तो नकाशा पंचायतीपासून फॅब्रिकेटरपर्यंत सर्वांना पाहता यावा.

घरमालकानेही सरकारची वाट पाहत बसू नये. करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारण्याजोगे प्रश्न मोजकेच आहेत. सांगाडा आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा आहे, की तयार करून जस्तात बुडवलेला? लेप किती मायक्रॉनचा, आणि तो मोजून दाखवणार का? गच्चीवर वेल्डिंग होणार असेल तर त्या जागेचे काय? नटबोल्ट कोणत्या प्रतीचे? पॅनेलला क्षारधुक्याच्या चाचणीचे प्रमाणपत्र आहे का, आणि हमीपत्रात समुद्रापासूनच्या अंतराची काही अट आहे का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. काही उत्पादकांच्या हमीपत्रांत किनाऱ्यालगतच्या जागांसाठी वेगळ्या अटी असतात आणि त्या बारीक अक्षरांत असतात. शिवाय पंचवीस वर्षांची हमी बहुधा पॅनेलच्या वीजनिर्मितीची असते. ज्या चौकटीवर ते उभे आहे तिची हमी त्याहून फार कमी वर्षांची. चौकट कोसळली, तर वरच्या पॅनेलची शिल्लक हमी कोणाच्या उपयोगाची?

यावर लहान फॅब्रिकेटरचे म्हणणेही रास्त आहे. हॉट डिपचा माल महाग पडतो. त्याचा दर सांगितला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. हे खरे आहे आणि दोष एकट्या त्याचा नाही. खरेदीच्या दिवशीची किंमत आणि पंचवीस वर्षांची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जोवर खरेदीदार, मग तो घरमालक असो वा सरकारी खाते, मान्य करत नाही, तोवर सर्वांत पातळ थराचा माल सर्वांत जास्त खपत राहील. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याची पद्धत याच चुकीला सरकारी शिक्का देते. दरवर्षीचा ब्रश, रेड ऑक्साइड आणि मजुरी त्या दरात जोडून पाहिली, तर स्वस्त कोण हे ठरवणे सोपे जाईल.

आपल्या जुन्या घरांनी ही परीक्षा पेटीविना दिलेली आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, शिंपल्यांची तावदाने, उतरते कौलारू छप्पर, पावसाच्या माऱ्यापासून भिंत वाचवणारी रुंद वळचण. जे या हवेत टिकले नाही, ते पुढच्या पिढीने वापरले नाही. त्या निवडीला शतके लागली. आपल्याला तेवढा वेळ नाही, म्हणून आपण पेटी बनवली. त्यात गैर काही नाही. फक्त पेटीत कोणाचे हवामान भरले होते, एवढे विचारल्याशिवाय तिचा निकाल आपल्या गच्चीला लावू नये. यंदाच्या मे महिन्यात ब्रश हाती घ्याल, तेव्हा पॅनेलच्या मागची, पाऊस न पोहोचणारी बाजू एकदा वाकून पाहा. तुमच्या गावची चाचणी तिथे केव्हाच सुरू झालेली आहे.